निगा आणि निगराणी

ज्याला आपले दुखणे शब्दांत मांडता येत नाही, ज्याच्या हाती कागद दिला तरी अर्ज लिहिता येत नाही, आणि ज्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा की नाही याचा निवाडा नेहमी दुसराच कोणी करतो, अशा प्रौढ माणसाला जेथे ठेविले आहे तेथे त्याचे बरे चालले आहे किंवा नाही हे सरकारने जाणावे कसे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ कारभाराचा वाटतो. एखादे खाते उघडावे, निरीक्षक नेमावेत, तपासणीचे तक्ते छापावेत, वर्षाकाठी एक अहवाल विधिमंडळापुढे ठेवावा, की झाले! इंग्लंडने या मार्गाने जवळजवळ अडीचशे वर्षे वाटचाल केली आहे, आणि त्या वाटचालीची हकीकत आपल्याकडील पालकांनी, संस्थाचालकांनी व अधिकाऱ्यांनी लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. कारण पैसा, कायदा आणि कारकून यांपैकी कशाचीही वाण नसलेल्या देशातदेखील ही देखरेख वारंवार का फसली, हे तिच्यावरून कळते.

येथे ज्यांच्याविषयी लिहावयाचे आहे ती माणसे म्हणजे केवळ वाचनलेखनात अडखळणारी शाळकरी मुले नव्हेत. जन्मापासून किंवा बालपणापासून बुद्धीची वाढ मंदावल्यामुळे पैशाचा हिशेब, प्रवास, औषधपाणी, क्वचित स्नान आणि भोजन यांतही ज्यांना आयुष्यभर कोणाची तरी सोबत लागते, ज्यांना आपला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा बौद्धिक दिव्यांग म्हणतो आणि मागील पिढी मतिमंद म्हणत असे, ती ही माणसे. त्यांपैकी कित्येक डाउन सिंड्रोम घेऊन जन्मास आलेली असतात, कित्येकांना अपस्माराचे झटके येतात, आणि काहींना वाणीच नसते. मात्र ती सर्व वयाने मोठी, मताधिकाराच्या वयाची, स्वतःच्या आवडीनिवडी असलेली माणसे असतात, ही गोष्ट त्यांची निगा राखणाऱ्यांच्या ध्यानातून जितक्या सहजतेने निसटते तितकी दुसरी कोणतीही निसटत नसेल.

देखरेखीचा आरंभ इंग्लंडात १७७४ साली झाला. त्या वर्षी पार्लमेंटाने खासगी वेड्यांच्या आश्रमांना परवाना बंधनकारक केला, आणि लंडनच्या परिसरातील आश्रमांची पाहणी करण्याचे काम रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या वैद्यांवर सोपविले. या वैद्यांना आश्रमात कितीही अनाचार आढळला तरी परवाना रद्द करण्याचा अधिकार नव्हता. त्यांनी आपला अभिप्राय लिहून तो कॉलेजच्या दालनात टांगून ठेवावा, इतकेच काय ते त्यांच्या हाती होते. दोष पाहावा, लिहावा, भिंतीवर टांगावा आणि घरी जावे, ही परंपरा पुढे कायदे बदलले तरी किती चिवटपणे टिकून राहिली हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी याच शतकातील चौकशी अहवाल उघडावेत.

१८४५ च्या कायद्याने ल्युनसी कमिशनर्सचे कायम मंडळ स्थापन झाले, आणि लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी १८८५ पर्यंत, म्हणजे देहावसानापर्यंत, त्याचे अध्यक्षपद सांभाळले. पूर्वसूचना न देता जावे, प्रत्येक खोली उघडून पाहावी, कोणाला केव्हा बांधून किंवा कोंडून ठेविले त्याची नोंदवही मागवावी, अशी या मंडळाची रीत होती. जन्मतः मंदबुद्धी असलेल्यांसाठी, वेड लागलेल्यांहून स्वतंत्र अशी सविस्तर व्यवस्था १९१३ च्या मेंटल डिफिशियन्सी ॲक्टने केली, व त्याच कायद्याने बोर्ड ऑफ कंट्रोल हे नवे देखरेख मंडळ आणिले. या कायद्याचा रोख निगेपेक्षा या माणसांना समाजापासून वेगळे काढण्याकडे अधिक होता, आणि त्याच्या अंमलात तरुणपणी वसाहतीत दाखल झालेली माणसे तेथेच वृद्ध झाली. परंतु निरीक्षक येत होते, एवढे त्याच्या पदरात घातले पाहिजे. पुढे १९५९ चा मेंटल हेल्थ ॲक्ट आला. तो सर्व दृष्टींनी अधिक उदार होता, आणि त्या उदारपणाच्या भरातच त्याने बोर्ड ऑफ कंट्रोल मोडून टाकिले. इतर रुग्णालयांची अशी झडती कोणी घेत नाही, मग याच रुग्णालयांवर अविश्वास का दाखवावा, असा त्यामागील सद्हेतू होता. त्या सद्हेतूची किंमत भरावी लागली ती ज्यांना कायद्याचे नावदेखील ठाऊक नव्हते त्यांना.

वेल्समधील कार्डिफ शहरात ईली नावाचे या प्रकारचे एक रुग्णालय होते. तेथे काम करणाऱ्या एका परिचारकाने १९६७ साली 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या खपाऊ वृत्तपत्राकडे धाव घेतली, आणि रुग्णांना होणारी मारहाण, कर्मचाऱ्यांकडून होणारी अन्नाची व कपड्यांची उचलेगिरी आणि तक्रारींकडे वरिष्ठांची बेपर्वाई यांची हकीकत छापून आली. चौकशी समितीचे अध्यक्षपद जेफ्री हौ या बॅरिस्टरांकडे देण्यात आले, जे पुढे मार्गारेट थॅचर यांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री व परराष्ट्रमंत्री झाले. त्यांनी आरोपांची शहानिशा करण्यापुरतेच काम मर्यादित न ठेवता, अशी गोष्ट वर्षानुवर्षे दडून राहिलीच कशी याचा शोध घेतला, आणि रुग्णालयांना बाहेरून भेट देणारी स्वतंत्र यंत्रणा हवी अशी शिफारस केली. अहवालाचा गोषवाराच प्रसिद्ध करावा असा काहींचा आग्रह असताना तत्कालीन मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांनी तो मार्च १९६९ मध्ये संपूर्ण छापला, आणि त्याच वर्षी हॉस्पिटल ॲडव्हायझरी सर्व्हिस ही यंत्रणा उभी राहिली. तिच्या नावातच सल्ला होता, हुकूम नव्हता. डॉक्टरांचा मान राखावा म्हणून 'निरीक्षक' हा शब्द कटाक्षाने टाळला गेला होता, आणि मान राखण्याची ही काळजी रुग्णांच्या वाट्याला त्या मानाने कमी आली.

तथापि एक मोठे परिवर्तन यातून सुरू झाले. त्या वेळी इंग्लंड-वेल्समधील अशा रुग्णालयांत पन्नास हजारांहून अधिक माणसे राहत होती. १९७१ च्या श्वेतपत्रिकेने त्यांना हळूहळू गावांत, लहान घरांत, साध्या वस्तीत आणण्याचे धोरण स्वीकारले, आणि ते पुरे व्हावयास चाळीस वर्षे लागली. या मोठ्या रुग्णालयांपैकी अगदी शेवटच्यांत गणले जाणारे दक्षिण लंडनचे ऑर्चर्ड हिल २००९ साली बंद झाले.

जेथे हजार माणसे एका आवारात होती तेथे आता चार येथे, सहा तेथे अशी ती विखुरली, आणि देखरेखीचा प्रश्न सोपा होण्याऐवजी अधिक सूक्ष्म झाला. लहान घर हे आपोआप चांगले घर असते, ही समजूत पुष्कळांची होती. ती निराधार नव्हती. जॅक टिझार्ड या मानसशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये लंडनच्या फाउंटन रुग्णालयातून सोळा मुले काढून ब्रुकलँड्स नावाच्या एका घरात नेली, तेथे त्यांना खेळणी, बाग आणि ठरावीक माणसांचा सहवास दिला, आणि मागे राहिलेल्या त्यांच्यासारख्याच सोळा मुलांपेक्षा ही मुले बोलण्यात स्पष्टपणे पुढे गेली, असे दाखवून दिले. परंतु पुढे केंट विद्यापीठात त्याच टिझार्डच्या नावाने चाललेल्या केंद्रातील जिम मॅन्सेल आणि त्यांचे सहकारी लहान घरांच्या बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात बसून, थोड्या थोड्या वेळाने, या क्षणी हा माणूस काय करीत आहे आणि त्याच्याशी कोणी बोलत आहे काय, याची नोंद करू लागले, तेव्हा भिंती रंगविलेल्या, पडदे सुंदर, जेवण गरम, पण माणूस मात्र खुर्चीत तासन्‌तास रिकामा बसलेला, असेही दृश्य पुष्कळ ठिकाणी दिसले. भाजी चिरावयास लावण्यासारखे, कपडे वाळत घालावयास हात धरून शिकविण्यासारखे जे क्षण दिवसातून अनेकदा येतात ते कर्मचारी स्वतःच झटपट उरकून टाकीत, कारण रहिवाशाला त्यांत सामील करून घेण्यास त्यांना कोणी बजावले नव्हते आणि तपासनीस ते कधी विचारीतही नव्हता.

या निरीक्षणांची सरकारी तपासणीच्या गुणांशी तुलना केली असता त्या गुणांचा आणि रहिवाशाच्या प्रत्यक्ष जीवनाचा मेळ फारसा बसेना, हे या संशोधनाचे सर्वांत अडचणीचे फलित होय. त्याचे कारण शोधावयास दूर जावयास नको. तपासनीसाच्या तक्त्यात पडताळण्याजोगे प्रश्न असतात: आगीची सूचना देणारी घंटा चालते काय, औषधांच्या नोंदीवर सह्या आहेत काय, धोरणाचा दस्तऐवज अद्ययावत आहे काय. हे प्रश्न आवश्यक आहेत, यात शंका नाही. पण मुनिमाने वहीतील जमाखर्च जुळवून पाहावा आणि कोठारात एकदाही पाऊल टाकू नये, तसा काहीसा हा प्रकार होतो. वही जुळते आणि धान्याला कीड लागलेली असते.

याचे जे उदाहरण ब्रिटनमध्ये आजही दबक्या आवाजात सांगितले जाते ते ब्रिस्टल शहराजवळील हॅम्ब्रूक या गावातले. विंटरबोर्न व्ह्यू नावाचे चोवीस खाटांचे हे खासगी रुग्णालय कॅसलबेक कंपनीने २००६ च्या अखेरीस उघडले होते. ज्यांचे वर्तन कठीण होते असे बौद्धिक अक्षमतेचे प्रौढ तेथे तपासणी व उपचारासाठी येत, आणि प्रत्येकामागे आठवड्याला सरासरी ३,५०० पौंड शासकीय आरोग्यसेवेच्या तिजोरीतून दिले जात. एवढ्या रकमेत काय मिळत होते ते ३१ मे २०११ च्या रात्री बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात देशाने पाहिले. एक पत्रकार तेथे कर्मचारी म्हणून शिरला होता. त्याच्या छुप्या कॅमेऱ्याने रुग्णांना जमिनीवर दाबून धरणे, थपडा मारणे, केस ओढणे, थंड पाण्याने भिजविणे आणि चिडवून चिडवून रडविणे हे सर्व टिपले होते. पुढच्याच महिन्यात रुग्णालय बंद झाले, अकरा कर्मचाऱ्यांनी गुन्हा कबूल केला, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यांपैकी सहा जणांना तुरुंगवासाची शिक्षा झाली.

शिक्षा हा या प्रकरणाचा महत्त्वाचा भाग नव्हे. मार्गारेट फ्लिन यांनी या प्रकरणाची चौकशी करून ऑगस्ट २०१२ मध्ये सादर केलेला अहवाल देखरेखीच्या अभ्यासकाने मुळातून वाचावा, कारण त्यात दप्तरांची अशी एक मोजदाद आहे की जी वाचून प्रामाणिक अधिकाऱ्याची झोप उडावी. जानेवारी २००८ ते मे २०११ या अवधीत स्थानिक नगरपालिकेच्या संरक्षण विभागाकडे या रुग्णालयाविषयी चाळीस इशारे पोचले होते. पोलिसांच्या नोंदीत एकोणतीस घटना होत्या. जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात येथील रुग्णांना सत्तरहून अधिक वेळा नेण्यात आले होते. आणि रुग्णालयाच्या स्वतःच्याच नोंदींप्रमाणे २०१० या एका वर्षात रुग्णांना बळाने जखडून धरण्याचे प्रसंग ३७९ होते. चोवीस खाटांच्या इमारतीत दिवसाला एकाहून अधिक! म्हणजे छुपा कॅमेरा आत जाण्यापूर्वी ही बातमी चार-पाच कचेऱ्यांत आकड्यांच्या रूपाने पडून होती. पोलिसांनी आपल्या एकोणतीस घटना एकेक करून निकाली काढल्या, नगरपालिकेने चाळीस इशारे चाळीस स्वतंत्र प्रकरणे म्हणून पाहिले, डॉक्टरांनी जखमेला टाके घातले आणि ती कशी झाली हे सोबत आलेल्या कर्मचाऱ्यालाच विचारले, आणि दर आठवड्याचे पैसे देणाऱ्या खात्यांनी पैसे देणे चालू ठेविले. एका ज्येष्ठ परिचारकाने ऑक्टोबर २०१० मध्ये लेखी तक्रार केली होती. ती नियामकापर्यंत गेली, आणि तेथे तिची योग्य ती दखल घेतली गेली नाही.

यातील एक लहानशी बाब मला सर्व आकड्यांपेक्षा अधिक सांगून जाते. भेटीस येणाऱ्या आईबापांना आपल्या मुलाच्या खोलीपर्यंत जाऊ दिले जात नसे; भेट होई ती वेगळ्या खोलीत, ठरलेल्या वेळी. शिवाय यांतील अनेकांची घरे फार दूर होती, त्यामुळे वारंवार जाणेही शक्य नव्हते. ज्या संस्थेत मुलाची खाट, त्याचे कपाट आणि त्याच्या शेजाऱ्याचा चेहरा आईला पाहता येत नाही, त्या संस्थेला सरकारने अन्य कोणताही तक्ता न भरता तेवढ्याच कारणावरून संशयित मानावे.

प्रकरणाची प्रतिक्रिया मोठी झाली. रुग्णालयात विनाकारण अडकलेल्या प्रत्येकाला १ जून २०१४ पूर्वी वस्तीतील घरी आणू, असे अभिवचन सरकारने दिले; मुदत आली आणि गेली, आणि दहा वर्षांनंतरही सुमारे दोन हजार बौद्धिक अक्षमतेची वा स्वमग्नतेची माणसे इंग्लंडच्या मानसरुग्णालयांत होती. केअर क्वालिटी कमिशन ही नियामक संस्था २००९ साली तीन जुन्या संस्था एकत्र करून स्थापन झाली होती; तिने आपली तपासणी अधिक कडक केली. सेवा सुरक्षित आहे काय, परिणामकारक आहे काय, मायेची आहे काय, गरजेला प्रतिसाद देणारी आहे काय, आणि तिचा कारभार नीट चालतो काय, अशा पाच प्रश्नांची उत्तरे घेऊन प्रत्येक ठिकाणाला 'उत्कृष्ट' ते 'अपुरी' अशा चार श्रेणींपैकी एक देण्याची पद्धत आली. आणि मे २०१९ मध्ये त्याच 'पॅनोरमा'ने डरहॅम परगण्यातील व्हॉर्लटन हॉल या रुग्णालयातील जवळजवळ तशीच दृश्ये दाखविली. त्या रुग्णालयाला कमिशनने २०१७ साली 'चांगली' ही श्रेणी दिली होती. २०१५ साली एका निरीक्षकाने लिहिलेला प्रतिकूल अहवाल तर प्रसिद्धच झाला नव्हता.

प्राध्यापक ग्लिनिस मर्फी यांनी या अपयशाची मीमांसा केली तेव्हा 'बंदिस्त संस्कृती' ही कल्पना चर्चेत आली, आणि ती आकड्यांपेक्षा लक्षणांनी ओळखावी असे ठरले. वस्तीपासून दूर असलेली जागा, सतत बदलणारे किंवा कंत्राटी कर्मचारी, बारा बारा तासांच्या पाळ्या, वारंवार बदललेला व्यवस्थापक, न बोलणारे रहिवासी आणि क्वचित येणारे नातलग: यांपैकी एकही गोष्ट गुन्हा नाही, परंतु दोनतीन एकत्र आल्या की तेथे तपासनीसाने आधी न कळवता, रात्री किंवा रविवारी, आणि एकट्या रहिवाशाजवळ बसून घेण्याइतका वेळ हाताशी ठेवून गेले पाहिजे. ज्यांनी स्वतः अशा सेवेत आयुष्य घालविले आहे अशा बौद्धिक अक्षमतेच्या व्यक्तींना तपासणी पथकात घेण्याची इंग्लंडमधील प्रथा मला या सर्व सुधारणांत सर्वांत मोलाची वाटते. अधिकाऱ्याला जो प्रश्न सुचत नाही तो त्यांना सुचतो: रात्री भूक लागली तर स्वयंपाकघराला कुलूप असते काय?

आतापर्यंत छळाविषयी लिहिले; पण निगेतील उणिवेचे बळी छळापेक्षा दुर्लक्षाने अधिक जातात, आणि दुर्लक्षाची चित्रफीत निघत नाही. बौद्धिक अक्षमतेच्या माणसांच्या मृत्यूंची पद्धतशीर चौकशी करण्याचा कार्यक्रम इंग्लंडमध्ये २०१५ साली सुरू झाला. जगात या प्रकारचा एवढा विस्तृत उपक्रम विरळाच. २०२१ च्या मृत्यूंचा त्याने जो हिशेब मांडला त्यात निम्मी माणसे वयाची ६२ वर्षे पुरी होईपर्यंतच गेलेली होती, म्हणजे सर्वसामान्य इंग्रजापेक्षा सुमारे वीस वर्षे आधी. आणि जवळजवळ निम्मे मृत्यू, शंभरांत एकोणपन्नास, वेळीच योग्य उपाय झाले असते तर टळू शकले असते, जेव्हा सर्व लोकसंख्येत हे प्रमाण शंभरांत बावीस होते.

ही माणसे कशाने मरतात? श्वासनलिकेत अन्न शिरून होणारा न्यूमोनिया, अपस्मार, हृदयविकार, उशिरा कळलेला कर्करोग, आणि ज्याचे नाव घेताना सुशिक्षित माणूस संकोचतो तो बद्धकोष्ठ. वाणी नसलेला माणूस आठवडाभर शौचास झाले नाही हे सांगणार नाही. तो डोके भिंतीवर आपटेल, ताट फेकेल, कर्मचाऱ्याला चावेल. घरात आई असेल तर ती चौथ्या दिवशी ओळखते. संस्थेत, पाळी बदलत गेली आणि कोणी नोंद ठेविली नाही तर, त्याची वागणूक बिघडली म्हणून शांत करणारी गोळी वाढविली जाते, आणि यांतील पुष्कळ गोळ्यांनी बद्धकोष्ठ वाढतो. लक्षण अक्षमतेच्या खात्यावर मांडले जाते आणि रोग बिनहरकत वाढत राहतो. या घोटाळ्याने किती प्राण घेतले असतील याचा अंदाज करवत नाही. २०१५ साली इंग्लंडमधील आरोग्य खात्याच्या अंदाजाप्रमाणे तीस ते पस्तीस हजार बौद्धिक अक्षमतेच्या प्रौढांना त्या त्या मनोविकाराचे निदान नसताना मनोविकाराची औषधे रोज दिली जात होती, आणि त्यावरून औषधे कमी करण्याची एक देशव्यापी मोहीम २०१६ मध्ये निघाली. चौदा वर्षांवरील प्रत्येकाची वर्षातून एकदा संपूर्ण वैद्यकीय तपासणी, आणि दवाखान्यात सोबत नेण्याचे एक छोटे टिपण, ज्यात या माणसाला दुखत असेल तर तो काय करतो, काय खातो, कशाला भितो हे लिहिलेले असते, हे दोन उपाय तेथे रूढ झाले आहेत. दुसरा उपाय तर आपल्याकडील कोणत्याही आईला आज संध्याकाळी, एका वहीच्या पानावर, बिनखर्चात करता येईल.

देखरेखीचाही अतिरेक होतो, हे मात्र विसरता कामा नये. ज्या घरात दर तासाला खूण करावयाचा तक्ता भिंतीवर आहे, न्हाणीघराचे दार लावता येत नाही आणि प्रत्येक कोपऱ्यात कॅमेरा आहे, ते घर सुरक्षित असेलही, पण ते घर राहिले नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये बौद्धिक अक्षमतेच्या तीन व्यक्तींच्या दाव्यांत असे ठरविले, की जो माणूस सतत देखरेखीखाली आणि नियंत्रणाखाली आहे व ज्याला निघून जाण्याची मोकळीक नाही त्याचे स्वातंत्र्य हिरावले गेले आहे, मग त्याची राहणी कितीही सुखाची असो; म्हणून अशा बंधनाला कायद्याचा आधार आणि अधूनमधून स्वतंत्र फेरतपासणी हवी. सुखाने राहणाऱ्यालाही देखरेख करणाऱ्यांपासून संरक्षण लागते, हे या न्यायालयाने ओळखले. २०१४ च्याच केअर ॲक्टने आणखी एक तजवीज केली: ज्याला आपले म्हणणे मांडणे फार कठीण आहे आणि ज्याच्या बाजूने बोलणारे आप्त किंवा मित्र कोणी नाही, त्याला स्थानिक प्रशासनाने स्वतंत्र कैवारी मिळवून द्यावा.

आता आपल्याकडे वळू. बाहेरच्या पाहुण्यांनी आत येऊन पाहण्याची कल्पना ब्रिटिश अंमलाबरोबर येथेही आली होती. १९१२ च्या इंडियन ल्युनसी ॲक्टप्रमाणे प्रत्येक सरकारी वेड्यांच्या इस्पितळासाठी निदान तीन भेट देणारे सदस्य नेमावयाचे होते, आणि त्यांनी महिन्यातून एकदा तरी इमारतीचा प्रत्येक भाग पाहावयाचा होता. स्वातंत्र्योत्तर कायद्यांनी मनोरुग्ण आणि बौद्धिक अक्षमतेची व्यक्ती यांची फारकत केली, आणि ती योग्यच झाली. पण तिचा एक परिणाम असा, की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णांसाठी जी पुनर्विलोकन मंडळे निर्माण केली त्यांचे छत्र या माणसांवर नाही, कारण त्या कायद्याच्या व्याख्येतून ती स्पष्ट शब्दांत वगळलेली आहेत. दुसऱ्या बाजूने पाहता, भारताने २००७ साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराचे सोळावे कलम असे बजावते, की दिव्यांगांसाठी चालविलेल्या सर्व सोयींवर स्वतंत्र अधिकाऱ्यांची परिणामकारक देखरेख हवी. वचन दिलेले आहे. ते पाळण्याचे साधन तोकडे आहे.

या साधनांत सर्वांत उपयोगी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. तिच्यात जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असावी, व तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हावी, असा नियम आहे. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर पालकांना जे कायदेशीर पालकत्व घ्यावे लागते ते ही समिती देते. पालकाने नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मिळकतीची यादी द्यावयाची, आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत हिशेब सादर करावयाचा. येथेही आपण मिळकतीचा हिशेब मागतो. त्या माणसाचा दिवस कसा जातो, दात केव्हा तपासले, तो शेवटचा बाहेर केव्हा गेला, हा हिशेब कोणी मागत नाही.

महाराष्ट्रात प्रौढांच्या निवासाची जी व्यवस्था आहे तिचा मोठा भाग 'आमच्या माघारी याचे काय?' या एका प्रश्नातून पालकांनी स्वतः उभी केलेली आहे; बदलापूरची 'आधार' ही संस्था तिचे ठळक उदाहरण. पालकांनी चालविलेल्या संस्थेत नातलग आत असतात, आणि विंटरबोर्न व्ह्यूला जे नव्हते ते तेथे असते. पण संस्थापक पालक वृद्ध होतात, एकेक करून जातात, आणि ज्यांच्या मागे कोणीही उरले नाही अशा रहिवाशांची संख्या वाढत जाते; त्यांच्यासाठी बाहेरचा माणूस कोण, याचे उत्तर आताच शोधावयास हवे. शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक, बँकेत नोकरी केलेली बाई, महाविद्यालयातील विद्यार्थी, यांपैकी एकेकाने एकेका रहिवाशाचे नाव घ्यावे, महिन्याला केव्हाही जावे, त्याच्या खोलीत बसावे, त्याचे वजन मागच्या वेळेपेक्षा घटले काय ते पाहावे. चांगली संस्था अशा माणसाचे स्वागत करील, आणि जी करणार नाही तिच्याविषयी एवढे कळले तरी पुष्कळ झाले.

राष्ट्रीय न्यास कायद्याचे सतरावे कलम असे सांगते, की पालकत्व घेतलेला इसम त्या व्यक्तीचा छळ किंवा हेळसांड करीत असेल, किंवा तिची मालमत्ता लाटीत असेल, तर तिचा आईबाप, नातलग किंवा नोंदणीकृत संस्था यांना स्थानिक समितीकडे त्याला काढून टाकण्याचा अर्ज करता येतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे नाव या यादीत नाही, ही त्या कलमातील उणीव आहे; ती दूर होईपर्यंत हा अर्ज नातलगांनीच करावयाचा आहे, आणि तो जिल्हाधिकारी कचेरीत लिहून देता येतो.